आधी कुठला पाय?

४ ऑगस्ट, संध्याकाळ

मामा,

नमस्कार पत्राच्या शेवटी करीन, आधी कामाचं. मला चार दिवसांत शिडाची होडी चालवायला शिकव.

हसू नकोस. अंघोळीच्या बादलीत तोंड बुडवायला घाबरायची म्हणून जिचं नाव तू ससू ठेवलंस, तीच मी. भीती अजून तशीच आहे. पण ऐक.

माझा दवाखाना तळ्याच्या या काठावर आहे, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. तीन किलोमीटर पाण्यापलीकडे धरणाचे दरवाजे आणि ते उघडणाऱ्या गेटकीपरचं क्वार्टर. तिथं तो आणि त्याची सत्तरीची आई, दोघंच राहतात, आणि पावसाळ्यात त्याला दरवाजे सोडून हलता येत नाही. एक तारखेला त्या म्हातारीच्या पोटरीला कुत्रं चावलं. तेच कुत्रं काल तोंडाला फेस येऊन मेलं, म्हणजे आता शंकेला जागा नाही. लस पाच वेळा द्यायची असते: चावल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दिवस चुकवायचा नाही. हा रोग एकदा दिसू लागला की कुणाच्या बापाचं चालत नाही, मामा. मी शिकत असताना एक माणूस तसा गेलेला पाहिलाय. तो पाण्याचा पेला बघून ओरडत होता.

पहिल्या दोन सुया झाल्या. नावाड्यानं मला नेलं, आणलं. आज दुसरी देऊन परत आलो आणि तो धक्क्याच्या शेवाळावरून घसरला. खांद्याचं हाड मोडलं. टपालाच्या गाडीतूनच त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवला. पलीकडे जायचा रस्ता दरडीखाली आहे, मोबाइलचा टॉवर त्याच दरडीबरोबर खाली आलाय, आणि पलीकडे वीज नाही म्हणून लस तिथं ठेवता येत नाही. तळं पिण्याच्या पाण्याचं, त्यामुळे इंजिनाला बंदी आणि मासेमारीलाही बंदी. अख्ख्या गावात होडी एक आणि ती चालवणाराही एक होता. वल्ही आहेत, पण वाऱ्यात ती मारायला दोन दणकट माणसं लागतात, आणि गावात उरलेत ते म्हातारेच.

म्हातारीला इकडे आणायचं म्हटलं तर ती म्हणते, “पाण्यातनं यायचं तर कुत्र्यानं मारलेलं बरं. मी या खाटेवरून हलत नाही.”

सातवा दिवस म्हणजे आठ तारीख. तू तीस वर्षं बंदरात शिडं शिवतोस. सुट्टीत आम्हाला वादळाच्या गोष्टी सांगायचास, ते आठवून लिहितेय. मला दुसरं कुणी नाही.

होडीला एक डोलकाठी, एक शीड, मागं सुकाणू. शिवाय मधोमध तळाला एक अरुंद उभी पेटी आहे, वरून उघडी. आत डोकावले तर खाली चक्क तळं! एवढं मोठं भोक ठेवून हा माणूस मला दोनदा पलीकडे घेऊन गेला. मी कापूस, गॉज आणि चिकटपट्टी लावून ते घट्ट बंद केलंय. होडीत एक जड फळी पायात येत होती, ती काढून दवाखान्यातल्या मोडक्या बाकावर टाकली.

आणि एक. हसशील, पण विचारते. होडीत चढताना आधी कुठला पाय टाकायचा? मला नावाडी पोत्यासारखी उचलून ठेवायचा, आणि पलीकडे पोचेपर्यंत मी डोळे उघडायची नाही. आता नमस्कार.

तुझी,
ससू

६ ऑगस्ट

ससूबाई,

पत्र आलं तेव्हा दाभण हातात होतं, ते तसंच कापडात खुपसून लिहायला बसलोय. मामी म्हणते आधी दोन घास खा. म्हटलं, पोरीचा जीव टांगणीला लागलाय, घास कसले.

आधी वारा कुठून येतो ते ओळख. तोंड हळूहळू फिरव. दोन्ही कानांत सारखा आवाज झाला की तुझं नाक नेमकं वाऱ्याकडे आहे.

वारा पाठीमागून असला तर शीड पार बाहेर सोड, होडीला आडवं. वारा ढकलतो, होडी जाते. वाळत घातलेली चादर चिमट्यांसकट उडते ना, तेवढंच. यात अक्कल लागत नाही.

अक्कल लागते ती वारा बाजूनं असताना. लोकांना वाटतं शीड म्हणजे सपाट कापड. नाही गं. कापडाचे पट्टे कडेला निमुळते कापून मी त्याला पोट ठेवतो. वारा त्या पोटावरून वळतो, आणि शीड त्याला एकीकडे वळवतं म्हणून तो शिडाला दुसरीकडे ओढतो. त्या ओढीतला थोडा हिस्सा पुढं असतो, तो आपला. दोरी किती ओढायची? शीड फडफडेपर्यंत सोड, मग फडफड थांबेल एवढीच ओढ आणि तिथं थांब.

नाकासमोर वारा असेल तर जगातली कुठलीही शिडाची होडी सरळ जात नाही. तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं. घाटाचा रस्ता डोंगर चढतो तसं.

आणि हे पाठ कर: भीती वाटली की दोरी सोड. शीड फडफडेल, होडी थांबेल. दोरी हाताला कधीही गुंडाळू नकोस. ज्यांनी गुंडाळली त्यांची शिडं माझ्याकडे शिवायला आली आहेत, फाटलेली. ती माणसं आली नाहीत.

भोक बुजवलंस ते झकास केलंस. रक्त थांबवणारी बाई पाणी थांबवणारच. फळी काढलीस तेही बरं, होडी हलकी तेवढी पळते. मी एकदा असल्या हलक्या होडीतून असा काही गेलो होतो की बंदरावर लोक उभे राहून बघत होते. ते भेटीत सांगेन.

भिऊ नकोस. होडी म्हणजे वाघ नव्हे.

मामा

९ ऑगस्ट, दुपार

मामा,

अक्षर वाकडं आहे कारण तळहातांना फोड आलेत. जिवंत आहे. म्हातारीची तिसरी सुई झाली.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. धक्क्यावर उभं राहून तीनदा वाचलं. पायांचं तू काही लिहिलंच नाहीस. मग मी बसून घसरत उतरले, कपड्यांची लाज न बाळगता. लसीचा डबा मांडीत धरला.

जाताना वारा मागून होता. तू म्हणालास तसं शीड बाहेर सोडलं आणि होडी निघाली, मामा, आपली आपण! अर्ध्या तळ्यापर्यंत मी श्वास घेतला नव्हता. मग घेतला. पलीकडे म्हातारीनं मला बघून न बघितल्यासारखं केलं. सुई टोचल्यावर म्हणाली, “तोंडात दात असते तर मीच तुला चावले असते.” मला इतकं हसू आलं की रडू आलं.

परत येताना मात्र वारा तिरका समोरून. शीड फडफडेपर्यंत सोडलं, फडफड थांबेपर्यंत ओढलं. होडीचं तोंड आमच्या काठाकडे, दवाखान्याचं छप्पर समोर दिसत होतं. मी त्या छपरावर डोळे लावून बसले. थोड्या वेळानं ते छप्पर उजवीकडे सरकलं. मग आणखी सरकलं. मी सुकाणू धरून बसलेय, तोंड सरळ आहे, आणि होडी खेकड्यासारखी आडवी चालली आहे.

त्या बाजूला धरणाचा सांडवा आहे. जास्तीचं पाणी भिंतीवरून खाली पडतं ती जागा. पावसाळ्यात ते पाणी चोवीस तास पडतं. त्याचा आवाज आधी मला वाऱ्याचाच वाटला. मग कळलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं, मामा. दोरी सोडली, होडी थांबली म्हणतोस, कुठली थांबते! ती हळूहळू तिकडेच निघाली. सांडव्याच्या अलीकडे साखळीला बांधलेली पिंपं तरंगतात, कुणी पलीकडे जाऊ नये म्हणून. पिंपांच्या शंभर पावलं अलीकडे काठाची झुडपं हाताला लागली, मी ती धरली आणि ओरडत राहिले. गेटकीपर दोर घेऊन पळत आला. त्यानं होडी काठाकाठानं ओढत परत नेली.

रात्र त्यांच्या घरी काढली. आज पहाटे वारा मेलेला होता, तळं परातीतल्या पाण्यासारखं. तेवढ्यात एकटीनं वल्ही मारत आले. चार तास लागले. गेटकीपर म्हणतो असा बिनवाऱ्याचा दिवस या महिन्यात फार तर एखादा.

वरच्या ऑफिसचं उत्तर आलं: दुसऱ्या नावाड्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे.

पंधरा तारखेला चौथी सुई. मी काय चुकले ते सांग. डोळे मिटले की छप्पर सरकताना दिसतं.

ससू

११ ऑगस्ट

ससू,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

चूक सोपी आहे. दोरी तू घाबरून ढिली सोडलीस. शिडाचं पोट रिकामं राहिलं, त्यात ताकद कुठून येणार? ओढ. घट्ट ओढ. शीड पार आत घे. वारा समोरून तिरका असला की शीड ताठ हवं. आणि होडीचं तोंड आणखी वाऱ्याकडे धर. होडी एका अंगाला कलेल, ती कलणारच. तू वर उचललेल्या कडेला जाऊन बस. तुझं वजन तागडीतल्या मापासारखं काम करतं.

मी एकदा असाच खडकांकडे चाललो होतो. ओढली दोरी, काढली बाहेर. तूही काढशील. आमच्या घरात बुडणारं कुणी नाही.

मामा

१२ ऑगस्ट

चि. ससूस मामीचे आशीर्वाद.

यांना न सांगता लिहितेय. पत्र टाकून आल्यापासून हे जेवत नाहीत, मशीनवर बसतात आणि पाय चालवत नाहीत. मी खोदून विचारलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून बोलले.

बाई गं, तुझा मामा उभ्या आयुष्यात होडीत बसलेला नाही. लग्नानंतर मी एकदा म्हटलं, चला बंदरात एक चक्कर मारू, तर धक्क्यावरच घेरी येऊन बसले. वादळं, खडक, बघणारे लोक, सगळं गिऱ्हाइकांकडून ऐकलेलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तुम्हा पोरांसमोर मी कधी बोलले नाही, गंमत चालायची ती चालू दिली. आता गंमत नाही.

शिडाचं त्यांना कळतं, ते खोटं नाही. पण होडीचं सांगितलेलं बेतानं ऐक. जमलं तर जाऊच नकोस.

मामी

१४ ऑगस्ट

मामा,

तुझं आणि मामीचं पत्र आज एकाच गाडीनं आलं. आधी तुझं वाचलं. मग मामीचं.

तुला शिव्या द्याव्यात म्हणून कागद घेतला आणि एकही आठवेना. इतकी घाबरलेय की रागावायलाही ताकद नाही. तू ‘मी काढली बाहेर’ असं लिहिलंस. मी त्या ओळीवर बोट ठेवून झोपणार होते.

उद्या चौदावा दिवस. जाऊच नकोस म्हणते मामी. म्हातारीला काय सांगू? जायचंच आहे. जाताना वारा मागून असतो, ते मला येतं. परतीचं माहीत नाही.

पुन्हा लिहिलंस तर ज्याला येतं त्याला विचारून लिही. नाहीतर लिहू नकोस.

ससू

१६ ऑगस्ट

ससू,

मला माफ कर असं लिहायची माझी लायकी नाही, म्हणून लिहीत नाही. आधी कामाचं, तुझ्यासारखंच.

भोक बुजवलेलं काढ! ते भोक नाही. ती फळी बाकावरून उचल आणि त्या पेटीतून खाली पाण्यात सोड. ती त्याचसाठी आहे.

तुझं पत्र आलं तसा बंदरावर गेलो. तिथं एक म्हातारा तांडेल आहे, जन्मभर होड्या हाकलेला. दहा वर्षांपूर्वी मी त्याचं शीड उशिरा दिलं म्हणून तो माझ्याशी बोलत नाही. त्याच्यासमोर हात जोडले, तुझी पत्रं वाचून दाखवली. भोक बुजवलं, फळी बाकावर, इथवर आल्यावर तो हसला. मग त्याचं हसू एकदम थांबलं. “त्या पोरीला फळीचं कुणी सांगितलं नाही?” म्हणाला. मी म्हटलं, मीच शिकवलं. तो उठून एक फळी घेऊन आला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानं समजावलं ते असं. वारा बाजूनं असला की शिडाची ओढ बरीचशी आडवी असते, पुढं थोडीच. आडवी ओढ पाण्यात उभी असलेली फळी अडवते. एवढी रुंद फळी पाण्यातून आडवी सरकत नाही, धारेनं पुढं मात्र सहज कापत जाते. आडवं अडलं की उरतं ते पुढचं. साबणाची ओली वडी दोन तळव्यांत दाबली की ती कशी पुढं सटकते? एक तळवा वारा, दुसरा पाणी. मी तुला एकच तळवा शिकवला. आणि मग म्हटलं, जोरात दाब. शीड जेवढं आत ओढशील तेवढी ओढ आडवी, आणि फळीवाचून ती सगळी तुला सांडव्याकडे नेणारी. पाठीमागचा वारा असला की फळी लागत नाही, म्हणून जाताना तुला कळलं नाही.

तीस वर्षांत माझ्या दुकानात फक्त शिडं आली. फळी कधी शिवायला आली नाही. म्हणून ती माझ्या डोक्यातच नव्हती. हे कारण आहे, सबब नाही.

पायाचं मी का लिहिलं नाही तेही आता कळलं असेल. मला माहीतच नव्हतं.

आज सोळा. काल पंधरा होती. ओळ न् ओळ लिहिताना वाटतंय की मी कुणाला लिहितोय. दोन अक्षरं पाठव.

मामा

२१ ऑगस्ट

ससू,

आज पाचवा दिवस. टपालवाला लांबून दिसला की मामी आत जाते आणि मी दारात उभा राहतो. तो हात हलवतो, नाही म्हणून.

तुमच्या इस्पितळाला फोन लावला, तिथून तुझ्या दवाखान्याशी बोलता येत नाही म्हणतात. नावाडी त्याच इस्पितळात आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, “फळी होडीतच ठेवली होती की.” पुढं मला ऐकवेना.

एका गिऱ्हाइकाचं शीड टेबलावर पसरलेलं आहे. सोळापासून त्याला एक टाका घातलेला नाही. मी फक्त शिवलं असतं तर काय बिघडलं असतं?

उद्याही पत्र नाही आलं तर निघतो. येऊन काय करणार ते माहीत नाही.

मामा

२० ऑगस्ट, दवाखाना

मामा, मामी,

मी आहे. आधी हे वाचा, मग बाकीचं.

काल संध्याकाळी परत आले. तुझं सोळाचं पत्र दाराच्या फटीतून आत पडलेलं. ते वाचायला बसले ती नेमकी त्या बाकावर, त्याच फळीवर!

पंधराला गेले, वारा मागून होता, चौथी सुई दिली. परतायला होडीशी आले आणि पाय उचलेना. सांडव्याचा आवाज येत होता. मी गेटकीपरला म्हटलं, मला नाही जमणार. तीन दिवस तिथंच बसून होते. वारा हटला नाही. पलीकडून टपाल नाही, म्हणून तुम्हाला कळवता आलं नाही. इकडे दवाखाना बंद, पेशंट येऊन परत जातायत, आणि मी म्हातारीच्या खाटेखाली सतरंजीवर. माझी पाचावर धारण बसली होती, दुसरं काही नाही.

तिची खाट खिडकीशी आहे. चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “तू ती फळी का नाही टाकत गं मधी?”

मी म्हटलं, “कुठली फळी?”

“नावाडी निघाला की मधल्या पेटीत फळी खुपसायचा. इकडं टेकला की वर काढायचा. बारा वर्षं बघतेय मी इथनं. तू आलीस ती बिनफळीचीच. मला वाटलं, शिकलेली आहे, हिची काहीतरी नवी पद्धत असेल.”

मामा, ती बाई जन्मात होडीत बसलेली नाही.

फळी इकडे, आम्ही तिकडे. गेटकीपर क्वार्टरभर लाकूड शोधत फिरला. दाराची फळी पातळ निघाली. शेवटी म्हातारीच उठून उभी राहिली आणि म्हणाली, “ही घे खाटेची.” जिनं या खाटेवरून हलणार नाही अशी शपथ घेतली होती, तिनं! मधली फळी जाड होती, सागाची. गेटकीपरनं ती पेटीच्या मापानं करवतीनं कापली, वर आडवा दांडा ठोकला, खाली निसटू नये म्हणून.

मग पेटीतलं माझं बँडेज काढायचं होतं. ते मी लावताना जेवढी खूश होते, तेवढीच काढताना मेले. एकेक पट्टी सोडवली, शेवटी कापूस ओढला. पाणी पेटीतून वर आलं. वीतभर आलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते थांबलेलं होतं, बाहेर तळ्याचं पाणी जेवढ्या उंचीवर तेवढ्याच उंचीवर आत. पेटीच्या भिंती त्याहून उंच. ते होडीत येणारच नव्हतं.

म्हातारी काठावर उभी होती, हातात कपड्यांचं गाठोडं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, “खाट मोडलीस. आता झोपू कुठं? तुझ्या दवाखान्यात पलंग आहे ना? शेवटची सुई तिथंच टोच. तू पुन्हा एकटी आलीस आणि त्या पाण्यात गेलीस तर मी कुत्र्यानं नाही, त्यानं मरेन.”

तिच्या लेकानं तिला उचलून आत ठेवलं. तिनं डोळे गच्च मिटले आणि माझा पदर मुठीत धरला. काठाचा उथळ भाग सुटला तशी मी फळी खाली दाबली, ती वरच्या दांड्यापर्यंत आत गेली. शीड फडफडेपर्यंत सोडलं, फडफड थांबेल एवढंच ओढलं. तुझं पहिलंच पत्र, मामा, दुसरं नाही. होडी कलली. म्हातारीला म्हटलं, आजी, वरच्या कडेला सरका. ती कुत्र्याला शिव्या देत देत सरकली आणि होडी सरळ झाली. तिचं वजन बरोबर तेवढंच होतं.

मी छपरावर डोळे लावले. ते जागचं हललं नाही. मग थोडं डावीकडे सरकलं, कारण आम्ही तिरक्या जात होतो. वळले, दुसऱ्या अंगानं पुन्हा तिरकी गेले. म्हातारीला दुसऱ्या कडेला सरकवलं. सांडव्याचा आवाज मागं राहिला. भीती गेली असं समजू नका. पूर्ण वेळ दात वाजत होते, तिला नाहीत म्हणून माझेच तेवढे ऐकू येत होते. पण घाबरूनसुद्धा होडी पुढं जात होती.

धक्क्याला लागल्यावर तिनं एक डोळा उघडला आणि विचारलं, “झालं?”

ती आता आत पलंगावर आहे. एकोणतीसला शेवटची सुई. मला पलीकडे जायचं नाही.

मामा, तुझ्यावरचा राग अजून आहे, तो लगेच जायचा नाही. पण एक सांगते. शीड तू शिकवलंस ते खरं होतं. नुसत्या फळीनंही मी इथवर आले नसते.

ससू

२३ ऑगस्ट

ससू,

तुझं पत्र काल आलं. मी बॅग भरून दारात उभा होतो. मामीनं ते मोठ्यानं वाचलं. खाटेच्या फळीशी आल्यावर तिला पुढं वाचवेना, मग मी वाचलं. मग आम्ही दोघंही स्वयंपाकघरात बसलो, गॅस न पेटवता.

भरलेली बॅग सोडलेली नाही. अठ्ठावीसला संध्याकाळी पोचतो. म्हातारीच्या पायावर डोकं ठेवायचंय. आणि तिच्या लेकाकडे नवी खाट पोचवायची आहे. सुताराला सांगितलंय, फळ्या जाड घाल. सुई झाली की तीस तारखेला ती खाट तू पलीकडे नेशील, म्हातारीला सोडायला. खाट धरायला एक माणूस लागेल. तो मी.

मामी म्हणते, तुम्ही धक्क्यावरच घेरी येऊन पडाल. पडेन. वय अठ्ठावन्न आणि मला पाण्याची भीती वाटते, हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय.

खोटं सांगून तुला होडीत बसवलं. आता खरं विचारून स्वतः बसतो. हसू नकोस, पण विचारतो. होडीत चढताना आधी कुठला पाय टाकायचा?

मामा

२५ ऑगस्ट

मामा,

कुठलाही चालतो. फक्त कडेवर टाकायचा नाही, होडी उलटते. मधोमध टाकायचा, फळीच्या पेटीशेजारी, आणि खाली वाकून.

मी आत आधी उतरीन. तू हात दे.

ससू